एकशे बारा खिळे

"ओता," उजागरे म्हणाले.

मी पोतं उलटं केलं. दोन वर्षांत जमवलेले एकतीस पाने सिमेंटच्या जमिनीवर खणखणत पडले. एवढी हत्यारं बघून माणूस खूश होईल, असं मला वाटलं होतं.

उजागऱ्यांनी एक बुटकं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि फळीवरचा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला. डब्यात नट होते. एकेक पाना उचलायचा, डब्यातला एक नट त्याच्या तोंडात बसवायचा आणि अंगठ्यानं हलवून बघायचा. नट हलला की पाना डावीकडे, नाही हलला की उजवीकडे. पाऊण तास हे चाललं.  शेवटी डावीकडे एकोणीस आणि उजवीकडे बारा पाने होते.

"हे एकोणीस काय आहेत?" मी विचारलं.

"स्कूटरचे."

"माझ्याकडे स्कूटर नाही."

"मग घ्या एखादी. पाने तर तयार आहेत."

मागच्या दारात उभ्या असलेल्या बाई हसल्या. त्या त्यांच्या पत्नी, एस्तेरकाकू.

ही गोष्ट १९९६ सालची. मी तेव्हा नगरला एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रकाच्या टेबलावर होतो आणि बागडपट्टीत दोन खोल्यांत राहत होतो. राहुरीजवळच्या एका वस्तीवर गोठ्यात पडलेली १९४२ सालची मॅचलेस मोटरसायकल मी विकत घेतली होती. लष्करानं कधीकाळी लिलावात काढलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. अर्धी सांगाड्यात होती आणि अर्धी तीन पोत्यांत. ती पुन्हा उभी करायची एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे हत्यारं. या जुन्या इंग्रजी गाड्यांचे नट आपल्या मिलिमीटरच्या पान्यात बसत नाहीत. बसल्यासारखे वाटतात, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. त्यांचे पाने वेगळे, व्हिटवर्थ मापाचे, आणि त्यांच्यावर कोरलेला आकडाही नटाचा नसतो, आतल्या बोल्टच्या जाडीचा असतो. मला हे अर्धवट माहीत होतं. म्हणून रविवारच्या जुन्या बाजारात जे जे इंग्रजी अक्षरांचं आणि गंजलेलं दिसेल ते मी उचलत गेलो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. ती हत्यारांपेक्षा अवघड. आधी मी गाडी जिन्याखाली ठेवली, तर घरमालकांनी तेलाचे डाग दाखवून महिन्याची मुदत दिली. एका ओळखीच्या पिठाच्या गिरणीमागची खोली मिळाली. आठ दिवसांत कार्ब्युरेटरमध्ये ज्वारीचं पीठ निघालं. टायरवाल्याची शेड मिळाली, पण तिथं दार नव्हतं, आणि दोन स्पोक आणि भोंगा चोरीला गेला. मुदत संपायला नऊ दिवस उरले तेव्हा आमच्या डेपोतल्या एका फोरमननं भिंगारच्या शमुवेल उजागऱ्यांचं नाव सांगितलं. लष्करी वाहनांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, घरामागे स्वतःची शेड. "पण तिथं कुणी टिकत नाही," तो म्हणाला होता. "तिघांना काढलंय म्हाताऱ्यानं."

"गाडीचे नट आणलेत?" उजागऱ्यांनी विचारलं.

मी कागदाची पुडी दिली. त्यांनी एक नट उजेडात धरला. त्याचे कोपरे राहिले नव्हते.

"हे कुणी खाल्ले?"

"काही आधीच्या मालकानं. काही मी."

"काही म्हणजे किती?"

"चार."

"बरं," ते म्हणाले आणि उठले. "या, जागा बघा."

शेड अठरा फूट बाय बारा. उत्तरेला दोन खिडक्या, म्हणजे दिवसभर सारखा उजेड आणि ऊन कुठंच नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं टेबल, त्यावर व्हाइस. जमिनीवर तेलाचा एक थेंब नव्हता. पण बघण्यासारखी होती ती पूर्वेची भिंत. ती पूर्ण हिरव्या रंगाची आणि तिच्यावर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक खिळ्याला एक हत्यार, आणि त्या हत्याराच्या मागे भिंतीवर त्याचाच आकार पांढऱ्या रंगानं काढलेला. पाने, पकडी, डिसमिस, कानशी, हातोड्या, पुलर. कुठलंही हत्यार काढलं की त्याची पांढरी सावली भिंतीवर उरणार.

"एकशे बारा खिळे," उजागरे म्हणाले. त्यांनी टेबलाच्या खणातून पितळेचे दहा गोल बिल्ले काढले. प्रत्येकावर सात आकडा ठोकलेला. "हे तुमचे. हत्यार काढलं की त्या खिळ्यावर बिल्ला. हत्यार परत आलं की बिल्ला खिशात. वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं असंच होतं. संध्याकाळी भिंत पुरी झाल्याशिवाय कुणी घरी जात नव्हतं. एखादा पाना कमी भरला, तर ज्या ज्या इंजिनावर काम झालं ती सगळी उघडायची."

"सगळी?"

"पाना चालत जात नाही, कुलथे. बाहेर नसला तर आत असतो." मग त्यांनी बोटांवर मोजलं. "बिल्ला हा पहिला नियम. पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही, हा दुसरा. रविवारी शेड बंद, हा तिसरा. आणि मला काहीही खोटं सांगितलं तर त्या दिवशी गाडी उचलायची."

"काका, मी..."

"आणि मी तुमच्या गाडीला हात लावणार नाही. सांगीन. करायचं तुम्ही."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "मी माहेरी जाते तेव्हा मलासुद्धा चुलीपाशी बिल्ला टांगून जावं लागतं."

"एकदा लावला असतास तर एकोणसत्तर साली आठ दिवस तुला शोधत फिरलो नसतो," उजागरे म्हणाले.

माझे बारा पाने त्यांनी भिंतीवर घेतले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी फळी दिली आणि प्रत्येकाची सावली मला माझ्याच हातानं रंगवायला लावली.

पुढचे सात महिने मी रोज संध्याकाळी सहा ते आठ आणि शनिवारी दुपारी तिथं असे. इतकं चांगलं शिकवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. ते खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत नसत. ऐकत असत. मी बोल्ट आवळत असताना मागून आवाज यायचा, "बास." मी आणखी पाव फेरा दिला की, "मी बास म्हणालो होतो." सांध्यात घालायचं गास्केट आणायला त्यांनी मला बाजारात पाठवलं नाही, जाड कागद सिलिंडरच्या तोंडावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलकं ठोकत कागद कसा कापला जातो, ते दाखवलं. पहिली पाच गास्केट मी फाडली. सहावं जमलं, तेव्हा त्यांनी ते भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "हे चालेल. पाचवंही चाललं असतं, पण तुम्ही घाई केलीत."

पाने जमवण्याची माझी पद्धतही बदलली. आता मी बाजारात खिशात नट घेऊन जायचो. पोतंभर आणण्याऐवजी तीन रविवारांत एक पाना आणायचो. बाजारातला एक भंगारवाला मला "नटवाले साहेब" म्हणू लागला. मार्चपर्यंत माझ्या फळीवर बावीस सावल्या झाल्या होत्या.

भिंतीवर एक पाना असा होता की तो कुठल्याच बाजारात मिळाला नसता. पाव व्हिटवर्थचा, पण तोंड घासून निम्मं पातळ केलेलं आणि दांडी किंचित वाकवलेली. या गाडीच्या इंजिनावर, वरच्या पेटीत, एक बोल्ट अशा अडचणीच्या जागी असतो की साधा पाना तिथं शिरत नाही. उजागऱ्यांनी तो १९६३ साली स्वतः बनवला होता. चार पाने मोडले, तेव्हा पाचवा जमला, असं ते सांगत.

मार्चमधल्या एका गुरुवारी इंजिन जोडून झालं. शनिवारी ते सुरू करायचं ठरलं. वरची पेटी अजून उघडी होती. तिचे बोल्ट शेवटचे एकदा आवळून झाकण लावायचं बाकी होतं. उजागरे त्या संध्याकाळी बँकेच्या कामातून उशिरा यायचे होते. मी शेडमध्ये एकटाच होतो.

तो अडचणीतला बोल्ट मला सैल वाटला. मी भिंतीवरचा पातळ पाना घेतला, बिल्ला टांगला आणि जोर लावला. दांडी आखूड असल्यामुळे हात पुरेना. कोपऱ्यात सायकलच्या सीटखालचा एक पाइप पडला होता. तो मी पान्यावर चढवला.

कट्ट असा आवाज झाला. पान्याच्या तोंडाचा एक ओठ तुटून टेबलावर पडला.

मी काय केलं ते सांगतो. मी तुटलेला ओठ आणि दांडी उचलली, रुमालात गुंडाळून माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली. पाइप कोपऱ्यात ठेवला. झाकण लावून घेतलं. मग भिंतीवरचा माझा बिल्ला काढून खिशात टाकला. उद्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तसाच पाना घासून आणू, शनिवारी सकाळीच गुपचूप खिळ्यावर लावू, असा हिशेब होता. शुक्रवारी मी शेडवर न जाता तीन ठिकाणी गेलो. तिघांनी तो तुकडा उलटसुलट बघितला आणि महिनाभराची मुदत मागितली.

शनिवारी दुपारी तीन वाजता मी शेडवर पोहोचलो. उजागरे भिंतीसमोर उभे होते. पेट्रोलची बाटली टेबलावर तयार होती.

"कुलथे, एकशे अकरा आहेत," ते म्हणाले. "पातळ पाना नाही. बिल्लाही नाही."

"अच्छा?"

"तुम्ही घेतला होता?"

"नाही," मी म्हणालो. "गुरुवारी मला तो लागलाच नाही."

माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. वेळापत्रकाच्या टेबलावर बसून रोज शंभर लोकांना शांतपणे उत्तरं द्यायची सवय होती मला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मान हलवली, बाटली उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि बुटकं स्टूल गाडीपाशी ओढलं.

"मग इंजिन उघडायचं."

"काका, आत नाही तो. मी स्वतः झाकण लावलंय. मला दिसला असता."

"बाहेर नाही ना?"

"पण तीन आठवड्यांचं काम आहे! मॅग्नेटोचं, ठिणगीचं टायमिंग पुन्हा करावं लागेल."

"करू."

मी हत्यार घ्यायला वळलो, तर ते म्हणाले, "तुम्ही नका. हे मी करतो. तुमची चूक नाही यात."

सात महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्या गाडीला हात लावला. एका बोल्टसाठी उठायचं, पाना काढायचा, खिळ्यावर स्वतःचा बिल्ला टांगायचा, परत स्टुलावर बसायचं. त्यांचे गुडघे दर वेळी आवाज करत होते. काकू दारात आल्या.

"सापडला?"

"नाही अजून."

"तिकडं पलंगाखाली परत बघू का?"

"नको, एस्तेर." ते दुसरा बोल्ट काढत होते. "मीच आत टाकला असेल. गुरुवारी सकाळी मी तो पुसायला काढला होता एवढं आठवतं. परत लावला की नाही, ते आठवत नाही. लावला असं वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे."

 काकूंनी पदरानं उगीचच दाराची कडी पुसली.

तिसरा बोल्ट निघाला. मी उभा होतो. हे सगळं फुकट चाललंय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. गप्प राहिलो तर तासाभरात इंजिन उघडं पडेल, पाना निघणार नाही, पुन्हा जोडू, आणि माझी जागा माझ्याकडे राहील. बोललो तर आज संध्याकाळी गाडी टेम्पोत घालायची, आणि ती उतरवायला नगरमध्ये एक फूट जमीन माझ्याकडे नव्हती. त्यांनी चौथ्या बोल्टला पाना लावला आणि तो चुकून उलटा फिरवला. तसं त्यांच्या हातून कधी होत नसे. ते थांबले, स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"काका, पाना मी मोडला," मी म्हणालो. "गुरुवारी. पाइप लावला होता. बिल्ला मी काढून घेतला."

ते स्टुलावरच वळले. मी ओरडा ऐकायच्या तयारीनं उभा होतो. त्यांचा चेहरा मला कळला नाही. रागावलेला नव्हता एवढं नक्की.

"तुम्ही घेतला होता," ते म्हणाले.

"हो."

"गुरुवारी संध्याकाळी तो भिंतीवर होता?"

"हो. मीच काढला."

"म्हणजे सकाळी मी लावला होता."

"लावला होता, काका."

त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "तुकडे आणा."

मी पिशवीतून रुमाल काढला. त्यांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला, दांडी ठेवली, तिला तुटलेला ओठ जुळवला आणि भिंग धरलं. मी वाकून पाहिलं. दोन तुकडे जुळत होते, पण पूर्ण नाही. सांध्याच्या आतल्या बाजूला तूरडाळीएवढी जागा रिकामी होती.

"तिसरा कुठे आहे?"

"दोनच होते. टेबलावर एक पडला आणि..."

"पेटी उघडी होती?"

"हो."

"कुठला बोल्ट?"

मी दाखवला. त्याच्या शेजारीच पुशरॉडच्या नळीचं तोंड होतं. ती नळी सरळ खाली, टायमिंगच्या गिअरपर्यंत जाते. 

"पेट्रोल बाहेर नेलंय हे बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही उत्साहात किक मारली असती. चला. आता तुम्ही उघडा. हत्यार काढाल तिथं बिल्ला."

आधी तेल काढून कापडातून गाळलं. त्यात काही नव्हतं. मग बाजूचं झाकण. दीड तास लागला. झाकण निघाल्यावर उजागऱ्यांनी मला इंजिन हातानं अगदी सावकाश फिरवायला सांगितलं आणि स्वतः कान जवळ नेला. गिअर फिरले, आणखी थोडे फिरले आणि अडले.

"थांबा. मागे घ्या. चिमटा."

दोन दात्यांच्या मध्ये पोलादाचा तो दाणा बसला होता. त्यांनी तो काढला, पुसला आणि कागदावरच्या रिकाम्या जागेत ठेवला. तो नेमका बसला. किकचा झटका बसला असता तर निदान एक गिअर फुटला असता, आणि तो गिअर मला कुठं मिळाला असता हे मला आजही सांगता येणार नाही.

 उजागऱ्यांनी चारही गिअरचे दाते भिंगाखाली एकेक करून तपासले आणि मान हलवली, म्हणजे ठीक आहेत.

मी हात पुसले आणि माझ्या फळीवरचे पाने काढून पोत्यात घालायला लागलो.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काका. खोटं बोललो तर त्या दिवशी गाडी उचलायची. मी टेम्पो बघून येतो."

"आणि हे उघडं इंजिन कोण जोडणार? मी? या गुडघ्यांनी?" ते स्टुलावरून सावकाश उठले. "गाडी उचलायची तर चालती करून उचला. पोत्यांतून आली, पोत्यांतून जाणार नाही. पाने परत लावा. सोमवारी सहाला या. आणि तो पाइप कुठाय?"

मी कोपऱ्यातला पाइप त्यांना दिला. त्यांनी तो व्हाइसमध्ये धरला आणि मला करवत दिली. "चार इंचाचे तुकडे करा. कशालाही बसणार नाहीत असे."

संध्याकाळी निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. मी चप्पल घालताना म्हणालो, "काकू, चुकलं माझं. आधीच्या तिघांनाही असंच..."

"त्या तिघांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता. "तुम्हाला एक सांगते. पाना नाही हे त्यांना गुरुवारी रात्रीच कळलं होतं. रोज झोपायच्या आधी मोजतात ते."

"मग मला तेव्हाच विचारलं का नाही?"

"तुम्हाला कशाला विचारतील? तुमचा बिल्ला नव्हता तिथं. बिल्ला नाही म्हणजे तुम्ही नाही. मंग उरलं कोण? ते स्वतःच." त्यांनी फाटकाची कडी धरली. "दोन दिवस घर उलटंपालटं केलंय. गाद्या उसवायच्या बाकी ठेवल्यात. यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी आपल्या मुलांची नावं विसरले होते. काल हे मला म्हणाले, एस्तेर, माझंही तसंच सुरू झालं वाटतं. शेडला कुलूप घालू आणि त्या कुलथ्यांना दुसरी जागा बघून देऊ, माझ्या हातून त्यांची गाडी बिघडायला नको."

माझी दुसरी चप्पल हातातच राहिली.

"दोन दिवस ताटावरून उठतायत. घास घशाखाली उतरत नव्हता."

एवढ्यात मागून, शेडच्या दारातून, उजागऱ्यांचा आवाज आला.

"एस्तेर! काय बोलत बसलीस? जेवायला वाढ. भूक लागलीय."

काकू जवळजवळ पळतच आत गेल्या.